‘अनुष्का’ नावाला अर्थच नाही म्हणे!

पत्र:

नमस्कार. आमची लेक अनुष्का सातवीत आहे. शाळेतून ‘माझं नाव’ असा प्रकल्प मिळालाय. नावाचा अर्थ काय, ते कोणत्या भाषेतलं, कुणी ठेवलं, असं सगळं लिहून न्यायचं. बारशाच्या वेळी आम्ही दुकानातून नावांचं पुस्तक आणलं होतं. त्यात ‘अनुष्का : कृपा’ असं होतं, राशीचं अक्षर ‘अ’ आलं होतं, नाव गोड वाटलं म्हणून ठेवलं. तिनंही तेच लिहून नेलं. संस्कृतच्या बाई म्हणाल्या, असा शब्द संस्कृतात नाही. मग नेटवर बघितलं. एके ठिकाणी ‘वीज’, एके ठिकाणी ‘रशियन’, एके ठिकाणी ‘हिब्रू’. मिस्टरांनी ते जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि तेव्हापासून घरात रोज तोच विषय. सासरे म्हणतात, परकं नाव आहे, ख्रिश्चनांचं आहे, दहावीच्या आत बदलून ‘अनघा’ करा, अक्षरही तेच राहील. सासूबाई समोर काही बोलत नाहीत. लग्नानंतर सात वर्षं मूल नव्हतं, तेव्हा कार्ल्याच्या एकवीरेला त्यांनीच नवस बोलला होता. ‘देवीनं दिलेल्या पोरीला असलं नाव’ असं त्या शेजारच्या काकूंना सांगत होत्या, ते माझ्या कानावर आलं. लेक रडवेली झालीय. ‘माझ्या नावाला अर्थच नाही का गं?’ म्हणते. तिला काय सांगू? नाव बदलावं का? आणि नाहीच बदललं, तर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ओ’ वाढवून घ्या, असं मिस्टरांचे एक मित्र सुचवतात. तेही करावं का?

– अनुष्काची आई, ठाणे

उत्तर:

अनुष्काच्या आई, नमस्कार.

लेकीला आजच सांगून टाका की तुझ्या नावाला अर्थ आहे, आणि बारशाच्या पुस्तकात छापला होता तोच आहे. कृपा. पुस्तकानं फक्त भाषा सांगितली नाही, आणि नावापुढे अर्थ दिसला की तो संस्कृतच असणार हे आपण सगळेच धरून चालतो. बाईंचं काहीच चुकलेलं नाही. संस्कृतातून ‘अनुष्का’ची व्युत्पत्ती लागत नाही. ‘अनुष्ण’ असा एक शब्द आहे, त्याचा अर्थ गार. पण लेकीला हाक मारताना तुम्हाला ते अभिप्रेत नसावं. ‘वीज’ कुठून आली ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. ती वहीत जाऊ देऊ नका.

नाव रशियन की हिब्रू, तर दोन्ही. घडण रशियन आणि मूळ हिब्रू, म्हणजे यहुद्यांच्या जुन्या भाषेतलं. आधी रशियन घडणीकडे बघू, म्हणजे मुलीला पटकन कळेल.

रशियात मुलीचं कागदोपत्री नाव असतं अन्ना. घरात तिची कुणी आन्या करतं, कुणी आन्येच्का, कुणी न्यूरा, आणि कुणी अन्नुश्का. शेवटचं ते ‘उश्का’ म्हणजे मायेचा प्रत्यय. आईसाठी त्यांचा साधा शब्द ‘मात्’, त्याचं ‘मातुश्का’ होतं. ‘बाबा’ म्हणजे म्हातारी बाई; तिची ‘बाबुश्का’ झाली की ती आजी. आपल्याकडे यमुनेची यमू आणि सरस्वतीची सरू होते, तशीच तिकडे अन्नाची अन्नुश्का. रशियन पासपोर्टवर ती सहसा दिसायची नाही. तिथे अन्ना, मग वडलांच्या नावावरून आलेलं मधलं नाव, मग आडनाव असा थाट असतो. अन्ना पेत्रोव्ना म्हणजे पीटरची लेक अन्ना. (बापाचं नाव मधे घालायची चाल आपलीच आहे असं मराठी माणसाला उगाच वाटतं.)

आपण काय केलं, तर त्यांचं घरातलं हाकेचं नाव उचलून शाळेच्या दाखल्यावर चढवलं. एकट्या अनुष्काच्या बाबतीत नाही. नताशा मुळात नताल्या, तान्या म्हणजे तात्याना, सोनिया म्हणजे सोफिया. सोव्हिएत मैत्रीच्या काळात रंगीत चित्रांची, कमी किमतीची रशियन पुस्तकं मराठीत यायची. लोकवाङ्मय गृहाच्या दुकानातून ती घेऊन वाढलेली पिढी आज आजी-आजोबा झालीय. ही नावं आपल्या कानांना परकी वाटेनाशी झाली त्यात त्या पुस्तकांचाही वाटा असणार. पुढे १९८१ मध्ये पंडित रविशंकरांना मुलगी झाली, तिचं नाव अनुष्का. २००८ पासून अनुष्का शर्मा पडद्यावर दिसू लागली. तुमच्या लेकीचं बारसं झालं तोवर हे नाव इतकं आपलं झालं होतं की नावांच्या पुस्तकवाल्यांना त्याची भाषा सांगायची गरजच वाटली नाही.

ते संस्कृत वाटण्यामागे एक साधं कारण आहे, आणि ते संस्कृतच्या बाईंना नक्की आवडेल. रशियन उच्चार आपल्या कानाला साधा ‘श’च वाटतो. आपण मात्र ‘अनुश्का’ न लिहिता ‘अनुष्का’ लिहितो, कारण शुष्क, निष्क, पुष्कर लिहून लिहून हाताला ‘क’च्या आधी पोटफोड्या ‘ष’ काढायची सवय लागलेली. एकदा तो ‘ष’ बसला की शब्दाला सोवळं नेसवल्यासारखं होतं. कनिष्काचं असंच झालंय. शाळेत आपण सगळे ‘सम्राट कनिष्क’ वाचतो आणि नाव अस्सल संस्कृत समजतो. तो कुशाण होता. त्याचे पूर्वज मध्य आशियातून आलेले, आणि त्याच्या वंशात हुविष्क आणि वासिष्कही झाले. यातलं एकही नाव संस्कृतातून निघालेलं नाही, पण त्यांना परकं म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

आता अन्ना रशियात कशी पोचली ते. इ.स. ९८८ च्या सुमारास कीव्हचा राजा व्लादिमीर ख्रिस्ती झाला आणि त्यानं कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीक सम्राटाच्या बहिणीशी लग्न केलं. तिचं नाव अन्ना. ग्रीक चर्चचा धर्म त्या मुलखात गेला, आणि त्याच्यासोबत संतांची नावंही गेली. ग्रीकांकडे हे नाव आलं होतं हिब्रूतून. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया भागातल्या यहुद्यांनी आपल्या धर्मग्रंथांचं ग्रीकमध्ये भाषांतर केलं, तेव्हा ‘हन्ना’ लिहायची वेळ आली. त्यातला हिब्रू ‘ह’ घशातून खरवडून काढायचा, आपल्या ‘ह’ आणि ‘ख’च्या मधला. ग्रीकमध्ये त्याला अक्षर नव्हतं. त्यांनी तो सोडून दिला आणि हन्नाची अन्ना झाली. (आजच्या इस्रायलमध्ये त्याच नावाचा उच्चार जवळजवळ ‘खाना’ असा होतो. पुढेमागे लेक तिकडे फिरायला गेली आणि तिच्या नावाचं मूळ कुणी असं उच्चारून दाखवलं, तर जेवायला बोलावतायत असं समजू नये.)

इथपर्यंत लेकीसाठी. पुढचं सासूबाईंसाठी आहे, आणि ते तुम्ही वाचून दाखवू नका, सांगा. दुपारी भाजी निवडताना वगैरे.

यहुद्यांच्या धर्मग्रंथात, ज्याला ख्रिस्ती लोक जुना करार म्हणतात त्यात, शमुवेलाचं पुस्तक आहे. त्याची सुरुवातच हन्नापासून होते. काळ ख्रिस्ताच्या हजारेक वर्षं आधीचा, त्यामुळे ‘ख्रिश्चनांचं नाव’ हा मुद्दा इथेच निकालात निघतो. एफ्राइमच्या डोंगराळ मुलखात एलकाना नावाचा माणूस राहायचा. त्याला दोन बायका, हन्ना आणि पनिन्ना. पनिन्नाला मुलं होती, हन्नाला नव्हती. दर वर्षी सगळं कुटुंब शिलोच्या देवस्थानाला जायचं, तिथे बळी देऊन त्याचे वाटे घालायचे. पनिन्नाचे आणि तिच्या मुलांचे वाटे आले की हन्नाचा वाटा तेवढा एकटा. आणि सवत नेमकी तिथेच, देवाच्या दारात, तिला टोचून बोलायची. दर वर्षी तेच. हन्ना रडायची, जेवायची नाही.

एलकाना वाईट नव्हता. त्याचा तिच्यावर जीव होता. तो तिला म्हणतो, रडतेस कशाला, जेवत का नाहीस, दहा मुलगे असते त्यापेक्षा मी तुला जास्त नाही का? सात वर्षं मूल नसलेल्या घरात हे वाक्य या ना त्या रूपात कुणीतरी बोललेलं असतंच. सासूबाईंना विचारून बघा, तुमच्या घरात ते कुणी बोललं होतं. हन्ना नवऱ्याला उत्तर देत नाही. ती उठते आणि देवळात जाते.

तिथे ती नवस बोलते. मला मुलगा दे, तो मी जन्मभरासाठी तुलाच देईन, त्याच्या डोक्याला वस्तरा लागणार नाही. बोलते ती मनातल्या मनात. ओठ हलतायत, आवाज नाही. दाराशी बसलेला पुजारी एली ते बघतो आणि त्याला वाटतं, बाई प्यायलेली आहे. तो तिला झापतो, नशा उतरव म्हणतो. ती शांतपणे सांगते, नाही महाराज, मी प्यालेली नाही, माझं दुःख मोठं आहे, मी देवापुढे जीव ओतत होते. एली वरमतो आणि आशीर्वाद देतो. त्यावर ती म्हणते, तुमच्या दासीवर तुमची कृपादृष्टी असू द्या. या ‘कृपा’साठी हिब्रूत ‘हेन’ हा शब्द आहे, आणि हन्ना हे नाव त्याच धातूतून आलेलं. म्हणजे ती आपलंच नाव मागून घेते. हिब्रू ऐकणाऱ्याच्या कानाला ते लगेच कळतं, भाषांतरात ते निसटतं.

मुलगा होतो. त्याचं नाव शमुवेल, इंग्रजीतला सॅम्युएल. अंगावरचं दूध तुटल्यावर हन्ना त्याला शिलोला नेऊन सोडते. इथे सासूबाई बहुधा थांबतील. मूल मागायचं आणि मिळाल्यावर देऊन टाकायचं, हे काय? त्यांना थांबू द्या. देवाला मूल वाहायची चाल आपल्या जेजुरीलाही होती, आणि मुरळ्या म्हणून सोडलेल्या पोरींचं पुढे काय झालं ते आपल्या आज्यांना पुस्तकात वाचावं लागलं नाही. हन्नाची गोष्ट त्या बाबतीत सोपी करून सांगण्यात अर्थ नाही. पण त्याच गोष्टीत पुढे एक ओळ आहे, ती मला सगळ्यात खरी वाटते. दर वर्षी हन्ना त्याच्या मापाचा एक छोटा झगा शिवायची आणि यात्रेला जाताना सोबत न्यायची. दर वर्षी. म्हणजे मूल डोळ्यांआड असताना ती अंदाजानं माप वाढवत असणार. एवढ्या जुन्या ग्रंथात, राजांच्या आणि लढायांच्या आधी, कुणीतरी हा झगा लिहून ठेवला. लेकीला प्रकल्पात चित्र काढायचंच असेल तर हे काढू दे, रशियन बाहुल्या नकोत. त्या सगळेच काढतात.

यहुदी परंपरेनं हन्नाला मोठा मान दिला आहे. प्रार्थना कशी करावी, हे तालमूद या धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, तिच्यावरून शिकवलं: ओठ हलावेत, आवाज शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये. ज्या बाईला पुजाऱ्यानं दारुडी ठरवलं, तिचीच रीत पुढे पुजाऱ्यांना आणि पंडितांना नमुना झाली. आणि यहुदी नववर्षाच्या पहिल्या दिवशी, रोश हशाना म्हणतात त्या सणाला, सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळात, तिची गोष्ट वाचतात. ठाण्यातही. टेंभी नाक्याच्या बाजूला १८७९ सालचं ‘शआर हाशामाईम’ सिनेगॉग आहे, ते तुम्ही रिक्षातून जाताना शंभर वेळा बघितलं असेल.

नवसाचा धागा इथे संपत नाही. ख्रिस्ती परंपरेत मेरीच्या आईचं नाव अन्ना सांगतात. नव्या करारात ती कुठे नाही. तिची कथा दुसऱ्या शतकातल्या एका वेगळ्या ग्रंथातून आली, आणि तीही मूल नसलेल्या बाईची, देवाकडे मूल मागणाऱ्या बाईचीच आहे. शमुवेलाच्या आईची गोष्ट लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे होती हे उघड दिसतं. ही अन्ना पुढे पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आली. तिसवाडीत तळावलीला तिचं १६९५ सालचं चर्च आहे, गावाला सांतान म्हणतात. जुलैच्या अखेरीस तिथे तवशांचं फेस्त भरतं. तवसं म्हणजे आपली मोठी काकडी. मूल हवं असलेली जोडपी काकडी घेऊन येतात आणि अन्नाला वाहतात. पोर्तुगीजमध्ये त्यासाठी यमक जुळवलेलं मागणं आहे: बाई, ही काकडी घे आणि मला बाळ दे. काकडीला ‘पेपिनु’, बाळाला ‘मेनिनु’. लग्न जमत नसलेल्या मुलांसाठीही सोय आहे, त्यांनी चमचा न्यायचा, कारण चमच्याशी ‘बायको’चं यमक जुळतं. देवाकडे मागताना यमक जुळवायची युक्ती मला तरी फार आवडली.

सासूबाईंना एवढंच कळू दे. पोरगी नवसाची होती, आणि नाव ठेवणाऱ्यांना माहीत नसताना तिला नवसाच्याच बाईचं नाव मिळालं. कार्ल्याच्या देवीला यात राग यावा असं काही मला दिसत नाही. मला वाटतं, घरात हे सगळ्यात आधी त्यांनाच पटेल.

सासऱ्यांचं प्रकरण वेगळं. त्यांना गोष्ट नको असेल, त्यांना मुद्दा हवा असेल. त्यांच्यापुढे ‘नाव संस्कृतच आहे’ असं ओढूनताणून सिद्ध करायला जाऊ नका. ते खोटं आहे आणि त्यांना ते कळेलही. नाव बाहेरून आलं हे मान्य करा, आणि मग त्यांना घरातली वंशावळ काढायला सांगा. मराठी घराण्यांत दोन-चार पिढ्या मागे गेलं की एखादे दौलतराव, हैबतराव, सर्जेराव, गुलाबराव नाहीतर साहेबराव निघतातच. हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेले. चाकणचा किल्ला लढवणारा वीर फिरंगोजी नरसाळा. त्याच्या नावात तर फिरंगीच बसलाय. आणि शहाजीराजे? मालोजींनी मूल व्हावं म्हणून अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं बखरी सांगतात. तिथेही नवसच. शिवाजी महाराजांच्या वडलांचं नाव परकं म्हणून बदला, असं म्हणायची सासऱ्यांची तयारी असेल तर मग आपण अनुष्काकडे वळू.

हिब्रू नावंसुद्धा आपल्याकडे काल-परवा आलेली नाहीत. अलिबागच्या किनाऱ्यालगत बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांचा, समाज शतकानुशतकं मराठी बोलत, तेल गाळत राहिला. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ नाव दिलं. आडनावं दिवेकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर. पडद्यावरचे डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, यांच्यातलेच. या समाजातल्या समाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. सिनेगॉगला हे लोक मराठीत मशीदच म्हणत, आणि मस्जिद बंदराचं नाव त्यावरूनच पडलं असं ते सांगतात. त्या ‘समाजी’ला सासरे मराठा सरदार समजतील. तो सॅम्युएल आहे, म्हणजे शमुवेल, हन्नाचा मुलगा! मुलगा समाजी होऊन कोकणात कधीचा नांदतोय, आई रशियातून फेरी मारून अनुष्का होऊन ठाण्यात आली, इतकंच.

याच धातूची बाकीची नातीगोती वहीत लिहिण्यासारखी आहेत. ‘योहानान’ म्हणजे देवानं कृपा केली. त्याचाच जॉन, इव्हान, जाँ, हुआन आणि हान्स झाला, बायकांमध्ये जेन आणि जोहाना. अरबीत याच धातूचा ‘हनान’ म्हणजे ममता. आणि ज्यानं हत्ती घेऊन आल्प्स ओलांडले तो कार्थेज या उत्तर आफ्रिकेतल्या जुन्या राज्याचा सेनापती हॅनिबल. कार्थेजची भाषा हिब्रूची जवळची बहीण, त्याच्या नावाचा अर्थ ‘बआल नावाच्या देवाची कृपा’. सातवीतल्या मुलीला आपण हॅनिबलच्या नात्यातल्या आहोत हे कळलं की रडं थांबतं. इंग्रजीत हन्ना उलटसुलट सारखंच वाचता येतं, ही गंमत तिला नेटवर सापडेल. ती फक्त इंग्रजी लिपीची, हिब्रूत तसं नाही. आणि आपल्या ‘अन्न’शी, अन्नपूर्णेशी किंवा कुणा अण्णांशी या अन्नाचा काडीचा संबंध नाही. तसं जोडून दाखवणारा एखादा मेसेज ग्रुपवर येईल. आला तर सोडून द्या.

नाव बदलू नका. सासरे एका बाबतीत बरोबर आहेत, बदलायचंच तर दहावीच्या आत सोपं जातं. शाळेच्या रजिस्टरमधलं नावच बोर्डाच्या प्रमाणपत्रावर येतं, आणि नंतर राजपत्र, प्रतिज्ञापत्र, सगळीकडे अर्ज अशी लांबण लागते. पण सोपं आहे हे करण्याचं कारण होऊ शकत नाही. बारा वर्षं ज्या हाकेला ती वळून बघते ती हाक घरातल्या वादासाठी काढून घेतली, तर तिला एकच गोष्ट कळेल, की आपल्यात काहीतरी लाज वाटण्यासारखं होतं. ‘अनघा’ फार सुंदर नाव आहे. पण त्याचा अर्थ निष्पाप, आणि तुमच्या लेकीनं कसलंच पाप केलेलं नसताना तिला ते या निमित्तानं देणं मला बरं वाटत नाही. अठरा वर्षांची झाल्यावर तिला स्वतःला बदलावंसं वाटलं, तर ती बदलेल.

प्रकल्पात तिनं खाडाखोड न करता नवं पान घालावं. मजकूर तिचा तिलाच लिहू द्या, तुम्ही एवढंच बघा की या गोष्टी आल्यात: मूळ हिब्रू ‘हन्ना’, अर्थ कृपा, ग्रीकमधून रशियनमध्ये ‘अन्ना’, आणि तिचं मायेचं रूप ‘अन्नुश्का’, मराठीत येताना ‘श’चा ‘ष’ झाला. ‘नाव कुणी ठेवलं’ या रकान्यात आत्याचं नाव येईल, कारण कानात कुर्र करताना सांगितलं तिनंच असणार. आणि बाईंना पान दाखवताना ‘बाई, तुमचं बरोबर होतं’ असं तिला म्हणू द्या. शिक्षकांना हे क्वचित ऐकायला मिळतं.

राहिला स्पेलिंगमधला ‘ओ’. रविशंकरांच्या लेकीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये तो आहे, म्हणून तो जास्त अस्सल असं मित्रांना वाटत असेल. रशियन लिपीत तिथे एकच स्वर आहे. इंग्रजीत तो ‘यू’नं दाखवा नाहीतर ‘ओयू’नं, उच्चार तोच. अंकशास्त्रासाठी सुचवत असतील तर त्यावर मी काही बोलत नाही. मात्र जन्मदाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर यांत आज एकच स्पेलिंग आहे ना, एवढं काढून बघा. असेल तर त्याला हात लावू नका. पासपोर्टच्या खिडकीवर उभं राहून एका ‘ओ’चं स्पष्टीकरण द्यावं लागलं की मित्र सोबत येत नाहीत.